सारखी चूक

मुद्रितशोधकाला बरोबर छापलेलं काही दिसत नाही. चाळीस वर्षं हा धंदा केल्यावर डोळ्यांना तशी सवयच लागते. ओळ नीट असेल तर नजर घसरत पुढे जाते. एखादा खिळा दुसऱ्याच वळणाचा बसला असेल तर तिथे अडखळते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या आमच्या छापखान्यात अशा खिळ्याला ‘राँग फाँट’ म्हणत. जुळाऱ्याच्या हातून एका केसमधला खिळा दुसऱ्या केसमध्ये पडायचा आणि पुढे कुठल्या तरी पानात निवांत जाऊन बसायचा. अर्थ बिघडत नसे. पण हा इथला नव्हे, बाहेरून आलाय, एवढं त्याच्या अंगावर लिहिलेलं असे.

मला हे काम अण्णांनी शिकवलं. अण्णा आमचे थोरले मुद्रितशोधक. ते म्हणायचे, शेजारी बसलेल्या दोन मुलांनी सात आठे छप्पन्न लिहिलं तर कोणी कोणाचं बघितलं ते मास्तरांना कळत नाही. दोघांनीही त्रेपन्न लिहिलं तर लगेच कळतं.

हे वाक्य मला खरं उपयोगी पडलं ते १९९४ साली. एक निवृत्त इंजिनिअर स्वखर्चाने पुस्तक छापून घेत होते आणि त्याची प्रुफं माझ्याकडे आली होती. विषय: इजिप्तची सृष्टिकथा. आधी पाणी, मग पाण्यातून भूमी, मग अंडं, मग सूर्य. हे सगळं आपल्याकडेही आहे, तेव्हा ते आपल्याकडूनच तिकडे गेलं. रामसेस राजा म्हणजे राम. ‘आमेन’ म्हणजे ओम. दर दोन पानांवर उद्गारचिन्ह.

मुद्रितशोधकाने मजकुरात हात घालायचा नसतो. समासात प्रश्नचिन्ह करायची मात्र मुभा असते. मी पहिल्या गॅलीतच अकरा प्रश्नचिन्हं केली. लेखकमहाशय म्हणाले, “अहो, तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा.” मी बरं म्हटलं आणि पुढच्या शनिवारी सायकल काढून लॉ कॉलेज रस्त्याला भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयात गेलो. ते शनिवार अजून संपलेले नाहीत.

आधी इजिप्तची कथा सांगतो. कथा म्हणजे खरं तर कथा. तिथे ती एक नव्हतीच. आपल्याकडे जशी गावागणिक देवाची कथा बदलते तसंच. आजच्या कैरोजवळच्या हेलिओपोलिसचे पुजारी सांगत, सुरुवातीला नून नावाचं अथांग, अंधारं पाणी होतं. त्यातून एक टेकाड वर आलं आणि त्यावर अतुम हा देव आपला आपणच उभा राहिला. त्याने वारा आणि ओल यांची जोडी निर्माण केली, त्यांच्यापासून पृथ्वी आणि आकाश, आणि त्यांच्यापोटी ओसिरिस, इसिस, सेत आणि नेफ्थिस. एकूण नऊ देव. या देवांचे उल्लेख सक्काऱ्याच्या पिरॅमिडांतल्या भिंतींवर कोरलेले आहेत. त्यांतला सर्वांत जुना, उनास राजाचा पिरॅमिड, इसवी सनापूर्वी सुमारे २३५० चा.

हर्मोपोलिस नावाच्या दुसऱ्या गावात नऊ नव्हे, आठ देव. चार जोड्या: पाणी, अनंतता, अंधार आणि गूढता. पुरुष बेडकाच्या तोंडाचे, बायका सापाच्या. पूर ओसरल्यावर चिखलात जे पहिलं वळवळताना दिसतं, तेच त्यांनी देव केलं.

मेम्फिस हे तिसरं गाव. तिथल्या प्ताह देवाने हात लावला नाही, काही मळलं नाही. मनात आणलं, जिभेने उच्चारलं आणि जग झालं. ही कथा ज्या काळ्या शिळेवर आहे ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस शबाका राजाने ती कोरून घेतली. मूळ जुनी पोथी किड्यांनी खाल्ली होती म्हणून दगडावर नक्कल केली, असं शिळेवरच नमूद आहे. पुढच्या काळात कोणीतरी त्या शिळेचं जातं केलं. मधोमध भोक पाडलं, भोवती खाचा पाडल्या, आणि देवाच्या शब्दाने जग कसं झालं त्याचं पीठ झालं. किड्यांपासून वाचलेला मजकूर जात्यात सापडला. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.

आता इंजिनिअरसाहेबांचा पहिला मुद्दा. पाणी आणि त्यातून वर आलेली भूमी. साम्य खरंच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्तात अंधाराने झाकलेलं पाणी आहे. शतपथ ब्राह्मणात पाण्यावर तरंगणारं सोन्याचं अंडं आहे, आणि पृथ्वी वर काढणारा वराह आहे. पण या साम्याने माझी नजर अडखळली नाही, आणि त्याचं कारण मला पुस्तकात शोधावं लागलं नाही.

आमचं घर कसबा पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी तिसरीत होतो. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं आणि आम्ही जे निघालो ते पर्वतीवर जाऊन थांबलो. वरून पाहिलं तेव्हा नदीकाठच्या पेठा दिसेनात. दिसत होतं ते गढूळ, हलणारं, आवाज करणारं पाणी. मग ते ओसरायला लागलं. आधी कुठलं तरी एक जोतं वर आलं, मग एक ओटा, मग गल्लीतला उंचवटा. आई प्रत्येक वेळी बोट दाखवून म्हणायची, “ते बघ, तेवढं आलं वर.” पुढे तीस-पस्तीस वर्षांनी अतुमच्या टेकाडाबद्दल वाचलं तेव्हा मला इजिप्त आठवलं नाही. पर्वती आठवली.

नाईलला हा पूर दरवर्षी येई. दर उन्हाळ्यात शेतं बुडत, आणि पाणी उतरलं की काळ्या गाळाचे उंचवटे एकेक करून वर येत. अशा देशातल्या माणसाला जगाची सुरुवात कशी झाली असेल असं विचारलं तर तो दुसरं काय सांगणार? जिथे नदी आणि पूर, तिथे ही कथा आपोआप उगवते. हे सात आठे छप्पन्न.

कुंभाराचंही तसंच. इजिप्तचा ख्नूम हा मेंढ्याच्या तोंडाचा देव चाकावर माणसं घडवतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकात देव मातीतून माणूस घडवतो, आणि तिथे वापरलेलं हिब्रू क्रियापद कुंभाराच्या कामाचंच आहे. मी कुंभार वेशीजवळ वाढलो. लहानपणी चाकासमोर उकिडवं बसून तास घालवलेत. ओल्या मातीच्या गोळ्याला बोटं लागतात आणि त्यातून काहीतरी उभं राहतं, हे पाहिलेल्या कुठल्याही पोराला देव कुंभार वाटेल. त्यासाठी इजिप्तहून पोथी मागवायला नको. अंड्याचंही तेच. पक्षी सगळ्या देशांत अंडी घालतात.

मग दुसरा मुद्दा, शब्दांचा. रामसेस म्हणजे राम. इजिप्शियन भाषेत या नावाची फोड ‘रा–मेस–सू’ अशी होते: रा या सूर्यदेवाने याला जन्म दिला. ‘थुतमोस’ म्हणजे थोथ देव जन्मला. ‘रामेस’मधला ‘मेस’ मधोमध तोडून राम शोधणं म्हणजे ‘सदाशिव’मधला ‘दाशि’ घेऊन दासी शोधणं. ‘आमेन’चा तर ओमशी सोडाच, इजिप्तच्या अमुन देवाशीही संबंध नाही, जरी युरोपातही काही हौशी लोक तसं सांगतात. अमुनचा अर्थ लपलेला. आमेन हिब्रू; त्याच्या मुळाचा अर्थ पक्कं, विश्वासाचं. ऐकायला सारखे शब्द काय वाटेल ते करतात. आपल्याच मराठीत ऑफिसातलं ‘काम’ कर्मापासून आलंय आणि षड्रिपूंतला ‘काम’ वेगळ्याच धातूपासून. एकाच भाषेत, एकाच स्पेलिंगमध्ये ही गत, तर दोन भाषांत काय होईल?

मग धर्म एकमेकांकडून काही घेतच नाहीत का? घेतात. भरपूर घेतात. पण ते छप्पन्नात सापडत नाही, त्रेपन्नात सापडतं. मला सापडलेली चार उदाहरणं सांगतो.

पहिलं मोशेचं नाव. बायबल सांगतं की फारोच्या मुलीने बाळाला पाण्यातून ओढून काढलं म्हणून हे नाव, आणि त्यासाठी एक हिब्रू क्रियापद देतं. व्याकरणाच्या दृष्टीने ती फोड ओढूनताणून बसवलेली आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा रामसेस आणि थुतमोसमधलाच ‘मोस’: जन्मलेला. ज्या माणसाने लोकांना इजिप्तमधून बाहेर काढलं त्याच्या नावातच इजिप्त राहून गेलं, आणि सांगणाऱ्यांना ते कळलंही नाही. हा अस्सल राँग फाँट.

दुसरं उदाहरण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने भिंतीवर लावावं असं. बायबलच्या नीतिसूत्रांत, बाविसाव्या अध्यायात, एक वाक्य शेकडो वर्षं अडत होतं. सांगणारा म्हणतो की मी तुझ्यासाठी अमुक लिहिलं, आणि त्या अमुकच्या जागी जो शब्द आहे त्याचा लिहिलेला अर्थ होतो ‘परवा’. परवा लिहिलं? हिब्रू जाणकारांनी फार पूर्वीच समासात दुसरा पाठ सुचवून ठेवला होता. तोही धड बसत नव्हता. मग १९२३ साली ब्रिटिश म्युझियममधला आमेनेमोपे नावाच्या इजिप्शियन लेखनिकाचा उपदेश छापून बाहेर आला. त्याचे प्रकरणवार भाग बरोबर तीस. १९२४ मध्ये आडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दाखवलं की उपदेशामागून उपदेश जुळतात. त्यातून तो शब्दही सुटला: तो ‘तीस’ आहे. हिब्रूतली वाव आणि योद ही दोन अक्षरं एका रेघेच्या लांबीने वेगळी. नक्कल करणाऱ्याचा बोरू जरा घसरला आणि तीसचं परवा झालं. इजिप्तचा मजकूर हिब्रूत उतरला होता याला याहून चांगला साक्षीदार कुठला? याच आमेनेमोपेच्या उपदेशात माणूस म्हणजे चिखल आणि भुसा आणि देव त्याला बांधणारा, असंही येतं. 

तिसरं उदाहरण बायबलच्या अगदी पहिल्या पानावरचं. जग होण्याआधी अंधार आहे आणि त्याखाली ‘तेहोम’ आहे: अथांग पाणी. गंमत अशी की या शब्दाला तिथे हिब्रूचं निश्चयवाचक उपपद लागत नाही. एखाद्या विशेषनामासारखा तो उभा आहे. आता बाबिलोनकडे या. १८७६ साली जॉर्ज स्मिथने निनवेच्या विटांवरची सृष्टिकथा इंग्रजीत छापली. तिच्यात गोड्या पाण्याचा अप्सू आणि खाऱ्या पाण्याची तिआमत असं जोडपं आहे. मर्दुक देव तिआमतला मारतो, तिचे उभे दोन भाग करतो. एकाचं आकाश, एकाची पृथ्वी. तिआमत आणि तेहोम हे एकाच सेमिटिक मुळाचे शब्द. बायबलमध्ये लढाई उरलेली नाही, बाई उरलेली नाही. पाणी उरलंय आणि त्याचं नाव.

चौथ्या उदाहरणासाठी मला पुण्याबाहेर जावं लागलं नाही.

६ जुलै १९१७. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा ऐंशीवा वाढदिवस. त्याच दिवशी त्यांच्या नावाची संस्था सुरू झाली आणि त्यांना एक गौरवग्रंथ अर्पण झाला. त्यात लोकमान्य टिळकांचा एक इंग्रजी लेख आहे, खाल्डियन आणि भारतीय वेदांवरचा. खाल्डिया म्हणजे बाबिलोनचा मुलूख. ‘ओरायन’ आणि ‘आर्क्टिक होम’ या त्यांच्या पुस्तकांची नावं पुणेकरांना पाठ असतात; या लेखाचं नाव फारसं कोणी घेत नाही. मला तो एका शनिवारी सापडला आणि मी संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत उठलो नाही.

टिळकांनी उचललेलं सूक्त अथर्ववेदातलं आहे, पाचव्या कांडातलं तेरावं. सर्पविष उतरवण्याचा मंत्र. त्यात सापांची नावं येतात: तैमात, आलिगी, विलिगी, आणि कोणा उरुगूलेची मुलगी. या शब्दांना संस्कृतात धड व्युत्पत्ती नाही. टिळकांची नजर नेमकी तिथे अडखळली. तैमात म्हणजे तिआमतच, असं त्यांनी म्हटलं. इंद्राचं ‘अप्सुजित्’ हे विशेषण घेतलं आणि त्यातला अप्सू बाबिलोनचा असावा असं सुचवलं. हे शब्द तिकडून आले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, असा त्यांचा निष्कर्ष.

हे सगळं अभ्यासकांना पटलं असं नाही. अप्सुजित् म्हणजे ‘पाण्यात जिंकणारा’, एवढी सरळ संस्कृत फोड हाताशी असताना बाबिलोनला कशाला जायचं, ही शंका मलाही येते, आणि तिथे मी टिळकांच्याही समासात प्रश्नचिन्ह करीन. पण तैमातपुढे नाही. ते ज्या रीतीने गेले ती पाहा. पाणी सारखं, राक्षस सारखा, म्हणून नातं, असं ते म्हणत नाहीत. जिथे शब्द आपल्या घरात बसत नाही तिथून सुरुवात करतात. आणि हे कोण करतंय? ज्यांना स्वाभिमान शिकवायची कोणाची टाप नव्हती, ते मंडालेहून सुटून आलेले टिळक. वेदात परके शब्द आहेत हे छापताना त्यांना कमीपणा वाटला नाही.

ज्या संस्थेच्या जन्मदिवशी हा लेख आला, तिने पुढे याच रीतीवर अर्धशतक काढलं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. पोथ्यांची घराणी ठरवताना सगळ्यांत जुळणारे श्लोक कामाचे नसतात. कुठल्या पोथ्यांत एकच श्लोक जास्तीचा घुसलाय, एकच शब्द सारखा बिघडलाय, त्यावरून कोणी कोणावरून उतरवलं ते कळतं. अण्णांनी त्या आवृत्तीची विष्णु सीताराम सुखटणकरांची प्रस्तावना वाचली होती की नाही मला माहीत नाही. सांगत दोघे एकच होते.

माणसांची ये-जा होती यात मात्र शंका नको. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्याचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, पैठण आहे आणि तगर आहे. तगर म्हणजे आपलं तेर, गोरा कुंभाराचं गाव. तेरचं कापड भडोचला जाई आणि तिथून जहाजाने इजिप्तच्या बाजूला. तिकडे लाल समुद्राच्या काठी बेरेनिके बंदरात बुद्धाची मूर्ती सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. कापड गेलं, बुद्ध गेला. म्हणून कथाही गेली असं होत नाही. पोर्तुगीज आले आणि आपल्याला पगार, चावी, बटाटा हे शब्द देऊन गेले. कसब्याच्या गणपतीची आरती त्यांनी लिहिली असं कोणी म्हणत नाही.

आणि नूनचं काय झालं? इजिप्त ख्रिस्ती झाला, देवळं बंद पडली, फिलेच्या बेटावरचं इसिसचं देऊळही सहाव्या शतकात बंद झालं. पण तिथल्या ख्रिस्ती लोकांची कॉप्टिक भाषा ही जुन्या इजिप्शियनचीच लेक. त्यांना बायबलमधलं अथांग पाणी आपल्या भाषेत सांगायचं होतं तेव्हा त्यांनी जुनाच शब्द उचलला: नून. नरकासाठी वापरला ‘अमेंते’, म्हणजे पश्चिम, जिथे सूर्य आणि मेलेली माणसं जात. नव्या धर्माच्या पोथीत जुन्या धर्माचे दोन खिळे असे बसलेले आहेत.

इंजिनिअरसाहेबांच्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसरं प्रूफ आलं तेव्हा माझी अकरापैकी दहा प्रश्नचिन्हं त्यांनी खोडली होती. अकरावं रामसेसपुढचं, ते खोडलं नव्हतं, तो परिच्छेदच काढला होता. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, “बघतो.” मला तेवढं पुष्कळ झालं.

तेव्हा कोणी तुम्हाला सांगितलं की सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं, किंवा सगळं तिकडूनच आपल्याकडे आलं, तर वाद घालू नका. फक्त म्हणा, सारखं काय आहे ते राहू द्या, सारखं चुकलंय कुठे ते दाखवा. आणि टिळकांचा तो लेख एकदा वाचा. वाचताना वही-पेन्सिल बरोबर असू द्या. प्रश्नचिन्हं मात्र वहीत करा. पुस्तकाच्या समासात केलीत तर ग्रंथपाल रागावतात, आणि त्यांचं बरोबर असतं.